आयसीयूतल्या पेशंटला भुईआवळीचा रस द्यावा का? सेप्सिस, लिव्हर आणि आपला झाडपाला

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एक मुलगा पुण्यात नोकरीला आहे, मूळ गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. वडील ५६ वर्षांचे, भात आणि दोन म्हशी. रोप लावणी झाल्यावर ताप आला, चार दिवस घरीच काढले, मग डोळे पिवळे, लघवी कमी, आणि आता बेळगावात आयसीयूत आहेत. डॉक्टर म्हणतात लेप्टो वाटतोय (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या-जनावरांच्या लघवीतून चिखलपाण्यात येणारं बॅक्टेरियाचं इन्फेक्शन), सेप्सिस झालंय, म्हणजे इन्फेक्शनमुळं सगळ्या अवयवांवरच ताण आलाय. रिपोर्ट असे: बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) ११.४, एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) १२८, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) ३.९. याने कुठंतरी वाचलंय की सेप्सिसमध्ये हर्बल एक्स्ट्रॅक्टनी लिव्हर वाचतं आणि उंदरांवर तसं सिद्ध झालंय. काका गावाकडून भुईआवळी उपटून घेऊन निघालेत. आता हा विचारतोय की भुईआवळी, गुळवेल, कुटकी यातलं काय द्यावं, आणि डॉक्टरांना न सांगता दिलं तर चालेल का.

आत्ता यातलं काहीच देऊ नका. आणि न सांगता तर अजिबातच नको. काकांना फोन करून सांगा की रिकाम्या हातानं या, पैसे आणि आधार कार्ड तेवढं आणा.

आता का ते सांगतो, जरा लांबेल. मी बीएएमएस आहे, खानापूर भागात बावीस वर्षं दवाखाना चालवतोय, आणि सुरुवातीची बरीच वर्षं बेळगावात आयसीयूत नाईट ड्युटी केलीय, आमच्यातले निम्मे लोक करतात तशी. म्हणजे दिवसा काढा लिहून द्यायचा आणि रात्री व्हेंटिलेटरचे अलार्म ऐकायचे. त्यामुळं झाडपाला म्हटलं की नाक मुरडणाऱ्यातला मी नाही, आणि 'नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही' म्हणणाऱ्यातलाही नाही. भुईआवळी मी आजही देतो. पण कुणाला आणि कधी, त्यावर सगळं आहे.

आधी तुमच्या वडिलांचा रिपोर्ट नीट बघू, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. बिलिरुबिन ११ च्या वर आणि एसजीपीटी फक्त १२८. साधी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई असती तर एसजीपीटी हजारात दिसला असता, कारण तिथं व्हायरसमुळं लिव्हरच्या पेशी फुटतात आणि त्यातलं एन्झाइम रक्तात सांडतं. इथं पेशी फारशा फुटलेल्याच नाहीत. झालंय असं की इन्फेक्शनमुळं शरीरात जे केमिकल सुटतात (टीएनएफ, इंटरल्युकिन सिक्स वगैरे नावं डॉक्टरांच्या तोंडी ऐकाल) ते लिव्हरच्या पेशीला पित्त बाहेर टाकणारे पंप बंद करायला लावतात. कारखाना जागेवर आहे, मळीचा पाइप तेवढा तुंबलाय. म्हणून पिवळेपणा भरपूर आणि एन्झाइम थोडं. लेप्टोत हे चित्र अगदी ठरलेलं, आणि त्यात जीवाला धोका असतो तो जास्त करून किडनी बंद पडण्याचा आणि फुफ्फुसात रक्त उतरण्याचा. लिव्हर बहुतेक वेळा पूर्ण पूर्ववत होतं. तुम्ही पिवळे डोळे बघून लिव्हरच्या मागं लागलाय, पण आत्ता रोज विचारायची गोष्ट म्हणजे लघवी किती झाली आणि ऑक्सिजन किती लागतोय.

सेप्सिसमध्ये लिव्हरला दुसरा एक मार लागतो तो वेगळा. बीपी पडलं की लिव्हरला ऑक्सिजन कमी पडतो आणि मग एसजीपीटी एका रात्रीत तीन-चार हजारावर जातो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण बीपी सावरलं की दोन-तीन दिवसात तो आकडा भराभर उतरतो. त्याला औषध म्हणजे सलाईन, बीपीचं इंजेक्शन, ऑक्सिजन आणि वेळेत अँटिबायोटिक. लिव्हरचं म्हणून वेगळं काही औषध नसतंच. तुमच्या वडिलांचं हे नाही झालेलं, चांगली गोष्ट आहे.

आता ते उंदरांचं. तुम्ही वाचलंय ते खोटं नाही. असे पेपर शेकड्यानं आहेत, कुटकीवर आहेत, भुईआवळीवर, हळदीवर, किराईतावर. पण प्रयोग कसा करतात ते एकदा समजून घ्या. उंदराला पाच-सात दिवस रोज एक्स्ट्रॅक्ट पाजतात. मग भूल देऊन पोट उघडतात, मोठ्या आतड्याचं जे सुरुवातीचं पिशवीसारखं तोंड असतं, सीकम म्हणतात, त्याला दोरा बांधतात, सुईनं एक-दोन भोकं पाडतात, थोडी घाण बाहेर दाबतात आणि पोट शिवून टाकतात. बारा-चोवीस तासांनी उंदीर मारून लिव्हर बघतात. ज्यांना आधी औषध पाजलं होतं त्यांचं लिव्हर बरं दिसतं. काही ठिकाणी एवढंही करत नाहीत, बॅक्टेरियाच्या सालीतलं विष नुसतं टोचतात. सगळी गोम त्या 'आधी' मध्ये आहे. तुमच्या वडिलांना आपण आठवडाभर आधी सांगून ताप आणला नव्हता. ते आले तेव्हा चार दिवस होऊन गेले होते. आणि आग लागल्यावर म्हणजे आतडं भोसकल्यावर सहा-आठ तासांनी औषध सुरू केलं तर काय होतं, हे बघणारे प्रयोग त्या मानानं फार कमी.

दुसरी गोष्ट डोसची. उंदीर म्हणजे त्यातल्या मोठ्या जातीला समजा २०० मिलिग्रॅम प्रति किलो दिलं. माणसाला तसंच गुणून चालत नाही, शरीराच्या पृष्ठभागाचा हिशोब करून ६.२ नं भागायचं असतं. म्हणजे साधारण ३२ मिलिग्रॅम प्रति किलो, साठ किलोच्या माणसाला रोज जवळजवळ दोन ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट. एक्स्ट्रॅक्ट, पावडर नव्हे. दहा किलो वाळलेल्या पाल्यातून एक किलो एक्स्ट्रॅक्ट निघालं असं धरलं तर रोज वीस ग्रॅम वाळकी वनस्पती झाली. बाजारातल्या बाटलीवर लिहिलेलं असतं २५० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, म्हणजे पाव डोस. आणि काका जो रस काढणार त्यात किती आहे ते काकांनाही माहीत नाही आणि मलाही नाही. बरं, प्रयोगात ४०० दिलं असेल तर हिशोब दुप्पट.

तिसरी गोष्ट म्हणजे तोंडानं दिलेलं आत जातं का. सेप्सिसमधला पेशंट असला की आतडी मंदावतात, पोट फुगतं, रक्तपुरवठा आतड्याकडून काढून मेंदू-हृदयाकडं वळवलेला असतो. हळदीतलं कर्क्युमिन धडधाकट माणसातही नीट शोषलं जात नाही, म्हणून तर त्यात काळी मिरीचं पायपरिन घालतात. आणि ते पायपरिन लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइम्स अडवतं, म्हणजे आयसीयूत चालू असलेल्या बाकी औषधांची लेव्हल कुठं जाईल ते सांगता येत नाही. जे लिव्हर आधीच दमलंय त्याच्यावर आणखी एक गिऱ्हाईक बसवायचं.

एक प्रसंग सांगतो. नाईट ड्युटीच्या दिवसातला, गाव-नाव नको. बाई सेप्सिसमध्ये, नाकातून रायल्स ट्यूब, किडनीचं क्रिएटिनिन चढत होतं. पहाटे सहाला नातेवाईकांना एकेकाला आत सोडायचो. एक मामा यायचे, हातात स्टीलचा छोटा डबा, सिस्टरला सांगायचे गरम पाणी आहे. चौथ्या दिवशी ट्यूब चोक झाली. सिस्टरनं ५० ची सिरींज लावून ओढलं तर हिरवा, तंतू असलेला चोथा आला. मला बोलावलं. मी वास घेतला आणि ओळखलं, घेटुळी आणि भुईआवळी, दोन्ही. मामा म्हणाले, "काय न्हाय ओ डॉक्टर, झाडपाल्याचं हाय, त्यानं काय हुतंय?" त्याच सकाळी पोटॅशियम ६ च्या वर आलं होतं आणि आम्ही दोन तास डोकं खाजवत होतो की आलं कुठून. आता सगळं पोटॅशियम त्या डब्यातूनच आलं असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही, किडनी बिघडलेली होतीच. पण घेटुळी म्हणजे पुनर्नवा, तिच्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात, लघवी सुटायला तिचा उपयोग होतो तो त्यामुळंही. किडनी चालत असेल तर चांगलं, बंद पडत असेल तर तेच क्षार हृदयाला धोका. शहाळ्याचं पाणीसुद्धा याच कारणानं विचारल्याशिवाय नको. पण मला खरं काय टोचलं माहितेय का, त्याच दिवशी एसजीपीटी थोडा वाढला होता म्हणून सकाळच्या राऊंडला सरांनी एक चांगलं चाललेलं अँटिबायोटिक बदललं होतं. डब्याची गोष्ट कळली नसती तर दोष त्या औषधावरच राहिला असता. चोरून दिलं की असं होतं, औषध कुठलं आणि रोग कुठला याचा हिशोबच लागत नाही.

पण मामांना मी फार बोललो नाही. कारण त्यांना कुणी काही समजावून सांगितलंच नव्हतं. आपल्या भागात हे आहेच, कन्सेंटचा फॉर्म कन्नडमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये, डॉक्टर घाईत, आणि घरचे मराठी वाचणारे. सही करतात आणि बाहेर बाकड्यावर बसून जे आपल्या हातात आहे ते करतात. हातात काय असतं, झाडपाला आणि अंगारा.

आता माझी स्वतःची चूक. दवाखाना नवीन होता, जुलै महिना, तिशीतला पोरगा आला, बरोबर आई. ती म्हणाली, "डॉक्टर, डोळं पिवळं झाल्यात बगा, गळ्यात काविळीची माळ घातली, पन उतरंना झालंय." मी डोळे बघितले, जीभ बघितली, पोट दाबलं, म्हटलं कावीळ आहे. कुटकी-भुईआवळी लिहून दिली, ताक-भात खा, तेलकट नको, तीन दिवसांनी या. ताप होता का विचारलं, हो म्हणाला, अजून आहे. तिथंच मी थांबायला हवं होतं. व्हायरसच्या काविळीत बहुतेकदा डोळे पिवळे व्हायला लागले की ताप उतरतो. डोळे पिवळे झाल्यावरही ताप चालूच, पोटऱ्या दाबल्या की माणूस ओरडतो, डोळ्यात पिवळ्याबरोबर लाली, आणि शेतात चिखलात काम केलंय, हे सगळं लेप्टोचं. पोटऱ्या मी दाबल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी तो आला नाही, त्याचा भाऊ आला, सांगायला की लघवी बंद झाली म्हणून बेळगावला नेलंय. डायलिसिस लागलं, वाचला, आजही बाजारात भेटला की पाया पडतो, आणि मला दरवेळी शरम वाटते. माझ्या कुटकीनं त्याला काही अपाय केला नाही. माझ्या कुटकीनं त्याचे तीन दिवस खाल्ले. त्या तीन दिवसात डॉक्सी किंवा पेनिसिलिन यातलं साधं अँटिबायोटिक गेलं असतं तर कदाचित मशीनवर जायची वेळ आली नसती.

आणि आमच्या शास्त्रातही हे लिहिलेलं आहेच, आम्ही वाचतो आणि विसरतो. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या १६ व्या अध्यायात पांडू (अंग फिकट पडणं) आणि कामला (म्हणजे कावीळ) आहे, तिथं कामलेच्या कुठल्या पेशंटची आशा सोडावी याची यादी आहे: दाह, तहान, तंद्री, भ्रम, अग्नी आणि शुद्ध दोन्ही गेलेली. असा माणूस लवकर जातो असं चरक स्पष्ट म्हणतो. आज आपण त्यालाच लिव्हर फेल्युअर, सेप्सिस म्हणतो. जुन्या वैद्यालासुद्धा साधी कामला आणि ही कामला यातला फरक माहीत होता, सगळ्यांना एकच रस तो देत नव्हता.

मग झाडपाल्यात काहीच दम नाही का? आहे. पण दम कसा सिद्ध होतो त्याची उदाहरणं बघा. मलेरियावर आर्टेसुनेट हे इंजेक्शन आहे ना, ते आर्टेमिसिया नावाच्या चिनी वनस्पतीतून आलं, तू यूयू या बाईंना २०१५ चं नोबेल मिळालं त्याबद्दल. गंभीर मलेरियात, ज्यात कावीळ पण होते, २००५ साली क्विनाइनशी तुलना केली तेव्हा क्विनाइनवाले २२ टक्के दगावले आणि आर्टेसुनेटवाले १५ टक्के. हा झाला झाडपाला. पण तो पाला उकळून नव्हे, त्यातला एक रेणू काढून, त्यात बदल करून, शिरेतून देऊन. दुसरं, युरोपात विषारी अळंबी खाल्ली की मिल्क थिसल या काटेरी झाडातलं सिलिबिनिन शिरेतून देतात, कारण ते विषाला लिव्हरच्या पेशीत शिरायचा दरवाजाच अडवतं. नेमकं विष, नेमका दरवाजा. तेच सिलिमरिन हिपॅटायटिस सीच्या १५४ पेशंटना गोळीतून, नेहमीपेक्षा मोठ्या डोसमध्ये दिलं, २०१२ साली निकाल आला, साखरेच्या गोळीपेक्षा काडीचा फरक नाही. (अळंबीचं निघालंच तर, पावसाळ्यात आपल्याकडं पण लोक जंगलातली आणतात, ओळखणारा बरोबर नसेल तर नका खाऊ.)

आणि सेप्सिसवर थेट म्हणाल तर एक मोठा अभ्यास आहे, चीनमधला, २०२३ ला छापून आला. झुएबिजिंग नावाचं इंजेक्शन, पाच वनस्पतींचं, आणि गंमत म्हणजे त्यातली एक आपली करडई. हो, विजापूर-कलबुर्गीकडं शेतात असते तीच, तिची फुलं. ४५ हॉस्पिटलं, अठराशेच्या वर पेशंट, २८ दिवसात औषधवाल्यांपैकी १८.८ टक्के गेले आणि प्लासिबोवाल्यांपैकी, म्हणजे ज्यांना औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन दिलं त्यांच्यापैकी, २६.१ टक्के. आकडा लहान नाही, मी स्वतः दोनदा वाचला. पण त्या प्रत्येक पेशंटला अँटिबायोटिक, सलाईन, आयसीयू हे सगळं चालूच होतं, हे त्याच्या वर होतं. आणि अजून तरी एकाच देशातला निकाल आहे, बाहेर कुणी करून बघितल्याशिवाय मी त्याच्यावर उडी मारणार नाही. आणि करडईची फुलं आणून काढा करू नका, कुणीतरी विचारेल म्हणून आधीच सांगतो.

उडी का मारणार नाही तर व्हिटॅमिन सीमुळं. ते तर बिचारं अगदी निरुपद्रवी, अँटिऑक्सिडंट, उंदरांत सेप्सिसमध्ये छान काम करतं, मधे काही वर्षं आयसीयूत बरेच जण शिरेतून मोठ्या डोसनं देत होते. मग २०२२ ला मोठी ट्रायल आली, व्हिटॅमिन सी दिलेल्यांमध्ये मृत्यू किंवा अवयव बंद राहणं ४४.५ टक्के, न दिलेल्यांमध्ये ३८.५. म्हणजे उलटं झालं. उंदरात लिव्हर वाचवणाऱ्या आपल्या बहुतेक वनस्पतींचं कामही 'अँटिऑक्सिडंट' म्हणूनच सांगितलेलं असतं. म्हणून आयसीयूतल्या माणसाला 'दिलं तर काय बिघडतं' या वाक्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

भुईआवळीचीच गोष्ट घ्या ना. कन्नडमध्ये नेलनेल्ली म्हणतात, काविळीसाठी तिचं नाव सगळ्यात आधी येतं. १९८८ ला मद्रासच्या डॉक्टरांनी लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये पेपर छापला, हिपॅटायटिस बी अंगात बाळगणाऱ्या लोकांना महिनाभर दिली, ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून व्हायरसची खूण गेली, प्लासिबोमध्ये २३ पैकी एकाची. आम्ही कॉलेजात हे छाती फुगवून सांगायचो. पुढं दुसऱ्यांनी करून बघितलं तेव्हा तसं आलं नाही. शिवाय भुईआवळी म्हणून जे मिळतं त्यात सारख्या दिसणाऱ्या तीन-चार जाती असतात, पानाखाली बारीक आवळे सगळ्यांनाच. काडेचिराईत आणि पालेकिराईत ही तर दोन वेगळ्या कुळातली झाडं, दुकानात एकाच नावानं बांधून देतात. कुटकी आपल्याकडं उगवतच नाही, हिमालयात उंचावर येते, कमी होत चालली म्हणून तिच्या निर्यातीवर बंधनं आहेत, तेव्हा दुकानात स्वस्तात मिळाली तर संशय घ्या.

गुळवेलीचं वेगळं सांगावं लागेल कारण ती कोविडपासून प्रत्येकाच्या कुंपणावर चढलीय. कन्नडमध्ये अमृतबळ्ळी. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत सहा पेशंट असे आले ज्यांचं लिव्हर गुळवेल घेतल्यावर बिघडलं होतं, मग देशातल्या १३ सेंटरनी मिळून ४३ जणांची माहिती छापली. चित्र कसलं तर शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटल्यासारखं, आणि त्यातल्या काहींना थायरॉईड वगैरे ऑटोइम्यून त्रास आधीचा होता. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, की वनस्पती खरोखर तीच होती हे तपासलं का, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असते. आक्षेपात तथ्य आहे, पण मग सामान्य माणसानं कुंपणावरची वेल कशी ओळखायची? गुळवेल 'इम्युनिटी वाढवते' म्हणतात आणि सेप्सिसमध्ये भानगडच ही असते की प्रतिकारशक्ती बेफाम झालेली आहे. अशा वेळी तिला आणखी चिथवायचं? हळदीच्या कॅप्सूलनंसुद्धा लिव्हर बिघडल्याच्या केस अमेरिकेत नोंदल्यात. भाजीतली हळद नव्हे हं, घाबरू नका, तो मिरी घातलेला कडक एक्स्ट्रॅक्ट.

आता आणखी एक गोष्ट, ही कुणी सांगत नाही. तुमच्या वडिलांचा ताप उतरेल, लघवी सुटेल, पेशंट जेवायला लागेल आणि तरी डोळे पिवळेच राहतील. आठ दिवस, पंधरा दिवस, कधी जास्त. घाबरू नका. बरेच दिवस बिलिरुबिन चढलेलं असलं की त्यातलं काही रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतं आणि अल्ब्युमिन जसं जुनं होऊन जाईल तसंच तेही जातं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. नेमक्या याच काळात घरचे काहीतरी सुरू करतात. माळ, नाकात देवडांगरीचा थेंब, रस, कुणी पंढरपूरचं तीर्थ. आणि मग डोळे पांढरे होतात. ते होणारच होते. पण नाव माळेचं होतं आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या घरात ताप आला की तीच माळ आधी गळ्यात पडते. माझ्या भुईआवळीचंही निम्मं यश असंच आहे, हे मला कळायला दहा वर्षं लागली. देवडांगरी मात्र नकोच, आयसीयूतून आलेल्या माणसाच्या नाकातून आधीच ट्यूब जाऊन आलेली असते, प्लेटलेट कमी असल्या तर रक्त थांबत नाही.

तर तुम्ही आता करायचं काय. डॉक्टर दिवसातून एकदा भेटतात तेव्हा एसजीपीटी किती हे विचारण्यापेक्षा विचारा: चोवीस तासात लघवी किती झाली, बीपीचं इंजेक्शन कमी होतंय का वाढतंय, लॅक्टेट (अवयवांना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते) उतरतंय का, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) किती, शुगर पडतेय का. लिव्हर खरंच काम सोडतंय का ते शेवटच्या दोनातून कळतं, कारण रक्त गोठवणारे पदार्थ लिव्हरच बनवतं आणि उपाशीपोटी साखर तेच पुरवतं. डोळ्यांच्या रंगावरून ते कळत नाही. आणि गेल्या महिन्याभरात वडिलांनी काय काय घेतलं ते सगळं सांगा. गावातल्या मेडिकलमधून तापाच्या किती गोळ्या, सांधेदुखीचं कुणी पुड्यात बांधून दिलेलं चूर्ण, दारू असेल तर दारू. लाजू नका. पुड्या असतील तर नेऊन दाखवा, काहींमध्ये स्टेरॉईड किंवा धातू निघतात. लिव्हरला वाचवायचं म्हणून आत्ता घरच्यांच्या हातात जे आहे ते हे आहे.

डिस्चार्ज झाल्यावर माझ्याकडं या किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही नीट शिकलेल्या वैद्याकडं जा. मी काय करतो ते सांगतो. पहिले पंधरा दिवस काही देत नाही, मऊ भात, मुगाचं वरण, ताक, अंडं खात असतील तर अंडं, कारण आयसीयूत मांस झडलेलं असतं आणि 'काविळीत फक्त उसाचा रस आणि चुरमुरे' या पथ्यानं माणूस आणखी वाळतो. क्रिएटिनिन आणि आयएनआर नॉर्मल झालं की मग भूक नसेल तर भुईआवळी थोड्या प्रमाणात, एकच वनस्पती, पाच-सहाचं मिश्रण नाही, चार आठवडे, आणि शेवटी एकदा एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी. वाढलं असेल तर बंद. गुळवेल मी लेप्टो किंवा सेप्सिसनंतर देत नाही, थायरॉईडवाल्यांना तर नाहीच. भस्मं कुणालाच नाही त्या काळात.

आणि एक राहिलं. वडिलांबरोबर त्याच शेतात चिखलात कोण कोण होतं? आई असेल, पैऱ्याला आलेल्या शेजारच्या बायका असतील, म्हशीखालचं शेण काढणारा कुणी. आज रात्रीच फोन करून विचारा कुणाला ताप, डोकेदुखी, अंगदुखी आहे का. असेल तर डोळे पिवळे व्हायची वाट न बघता उद्या सकाळी पीएचसीला पाठवा, आणि तिथं 'ताप आलाय' एवढंच न सांगता 'रोप लावणी केलीय आणि आमच्या घरात एकाला लेप्टोचा संशय आहे' असं सांगायला सांगा.